परक्या चेसीतलं इंजिन

आमच्या शेडमध्ये दोन अर्ध्या गाड्या होत्या. एक होतं नुसतं इंजिन, मालकांच्या जुन्या साडेतीनशे सीसीच्या मोटरसायकलचं. ते लाकडी फळीवर पोत्याखाली झाकलेलं असायचं. दुसरी होती नुसती चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा आणि दोन चाकं. ती एका हलक्या, बुटक्या गाडीची होती आणि भिंतीला टेकून उभी असायची. दोन्हींच्या मधून मी रोज सकाळी झाडू मारायचे.

मालक म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय नाही, म्हणून तोंडात तेच बसलं आहे. नाशकात दिंडोरी रोडला आमची एक खोली आणि तिला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये ते गाड्या दुरुस्त करायचे. मूलबाळ झालं नाही. माझं माहेर सुरगाण्याकडचं. आई-बाप दर वर्षी दिंडोरीला द्राक्षबागांत कामाला यायचे, त्या येण्याजाण्यात माझी शाळा चौथीत सुटली. लग्नानंतर मालकांनी मला कुठे कामाला पाठवलं नाही. "शेडमध्ये बस," म्हणाले. मग मी शेडमध्ये बसायला लागले. डिझेलच्या घमेल्यात पार्ट धुऊन द्यायचे, पान्हा मागितला की पान्हा द्यायचे, आणि बाकी वेळ द्राक्षाच्या उलट्या क्रेटवर बसून त्यांच्याकडे बघायचे.

मालकांची एक पद्धत होती. इंजिन उघडून पुन्हा बांधलं की ते गिऱ्हाईकाला सांगायचे, थोडी चालवून परत ये. पहिल्या धावेत इंजिन तापतं, सांध्यातले पातळ पत्रे आणि वायसर दबतात, नट सैल पडतात. ते पुन्हा कसावे लागतात, आणि गरम असताना कसत नाहीत, पार गार व्हावं लागतं. म्हणून गिऱ्हाईक यायचं, गाडी लावायचं आणि इंजिन गार होईपर्यंत शेडमध्ये बसायचं. मी चहा करायचे. बागेतल्या औषध फवारणीपासून भावकीच्या भांडणापर्यंत सगळं तिथे निघायचं. मी एक शब्द बोलायचे नाही, पण मला ते बसणं फार आवडायचं.

मला माणसांशी बोलता येत नाही. शब्द येतात, आवाज येत नाही. बसमध्ये कंडक्टर तीनदा विचारतो, "कुठं जायचं बाई? जरा मोठ्यानं!" आणि तिसऱ्या वेळेला सगळी बस माझ्याकडे बघते. एकदा वैतागून त्याने दिंडोरीचं तिकीट फाडून दिलं. मी दिंडोरीपर्यंत गेले, तिथे उतरले आणि परत आले. घरी सांगितल्यावर मालक पोट धरून हसले.

"अगं, आपल्या स्टॉपला उतरायचं ना!"

"तिकीट दिंडोरीचं होतं."

हसून झाल्यावर ते म्हणाले, "तुझा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू जात नाय. तुला गाडी शिकवतो. हिचा आवाज दोन गल्ल्या जाईल. तेवढंच बोलल्यासारखं."

आणि खरंच शिकवली. म्हसरूळच्या पुढे तेव्हा मोकळे प्लॉट पडलेले होते, तिथे. त्या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आताच्या गाड्यांचं उलट असतं. मला दुसरी गाडी माहीतच नव्हती, त्यामुळे मला तेच सरळ वाटलं. चालू करायचीही एक रीत होती. हँडलवर एक लहान दांडी असते, ती दाबली की इंजिनातला दाब सुटतो. मग किक हळूहळू खाली न्यायची आणि दिव्यावरच्या करंटच्या मीटरचा काटा मधोमध आला की थांबायचं. दांडी सोडायची, पाय वर घ्यायचा आणि सगळं अंग घालून एकच किक. घाई केली तर किक उलटी येते आणि पाय सुजतो. "तिला विचारून किक मार," मालक म्हणायचे. "काटा मधे आला म्हणजे तिनं हो म्हटलं."

मला ती चालवता यायची, थांबवता यायची नाही. माझे पाय जमिनीला पुरत नव्हते. थांबली की कलायची, आणि मालक शेजारून पळत येऊन धरायचे. लायसनसुद्धा त्यांनी माझ्या मागे लागून काढायला लावलं. ते काढताना साहेबाने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, मला काही आठवत नाही, इतकी मी घाबरले होते.

पुढे एका टेम्पोने चहाच्या टपरीसमोर उभ्या असलेल्या गाडीला मागून धडक दिली. कोणाला लागलं नाही, पण चेसी वाकली. मालकांनी इंजिन, मीटर आणि हँडलवरची ती दांडी काढून घेतली आणि बाकीचं देऊन टाकलं. बऱ्याच महिन्यांनी एक दिवस ते भंगारातून ती बुटकी चेसी घेऊन आले. शेडच्या मधोमध उभी करून मला तिच्यावर बसवलं. इंजिन नव्हतं, खाली आरपार फरशी दिसत होती. माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले.

"टेकले?"

"टेकले."

"टाचा?"

"टाचापण."

"झालं मग. साडेतीनशे हिच्यात बसवतो. ही तुझी गाडी."

एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत आपोआप बसत नाही. बोल्टाची भोकं जुळत नाहीत. मधे जाड लोखंडी पट्ट्या लावाव्या लागतात, एका कडेने चेसीला जोडलेल्या आणि दुसऱ्या कडेने इंजिनाला. लोखंड कापायच्या आधी त्या पुठ्ठ्याच्या करून बघतात. आमच्याकडे पुठ्ठा म्हणजे द्राक्षाच्या खोक्याचा, हंगामात हवे तेवढे मिळतात. मालक इंजिन चेसीत ठोकळ्यांवर टेकवून पुठ्ठा त्याला लावून धरायचे, पलीकडून डोकं आत घालायचे आणि भोकांच्या जागा पेन्सिलने काढायचे. मी समोर क्रेटवर. पुढच्या बाजूची मुख्य पट्टी तेवढी त्यांची काढून झाली. ती कातरून त्यांनी खिळ्याला अडकवली.

थंडीतल्या एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा लगेच मिळाली. दवाखाना येईपर्यंत ते राहिले नाहीत.

पुढचं वर्ष मी साड्यांना फॉल लावत काढलं. एक बाई साड्या आणून टाकते आणि तयार झालेल्या घेऊन जाते, तिला नेहमी घाई असते. पत्र्यावर कावळा बसला तरी मी वर बघायचे. मोबाईलवर कंपनीचा फोन यायचा, ते नुसतं रेकॉर्ड केलेलं असतं, तरी मी तो शेवटपर्यंत ऐकायचे. दुधवाल्याला "एक पिशवी" म्हणायच्या आधी मला दाराच्या आत उभं राहून खाकरून घ्यावं लागायचं, कारण काल एक पिशवी म्हटल्यापासून घशातून काही निघालेलं नसायचं. गल्लीत माणसं होती. त्यांचा दोष नाही. मी कोणाच्या ओट्यावर जाऊन बसणारी नव्हे, आणि मालक होते तोवर माणसं आमच्याकडे आपणहून यायची.

पावसाळ्यात शेड गळायला लागली. एका सकाळी बघितलं तर खिळ्यावरचा पुठ्ठा ओला होऊन कडा फुगल्या होत्या आणि पेन्सिलच्या रेघा फिकट झाल्या होत्या. तो गेला की मालकांनी काढलेली मापं जाणार होती आणि माझी गाडी कायमची दोन ठिकाणी पडून राहणार होती. मी तो गॅसजवळ धरून वाळवला, साडीच्या पिशवीत घातला आणि बसने जुन्या नाशकात गेले.

तिथे मालकांचे एक दोस्त आहेत, खराद काम करतात. लेथवर लोखंड कातणं, कापणं, जोडणं, सगळं. मालक त्यांना भाई म्हणायचे, मीही तेच म्हणते. मी गेले तेव्हा मशीन चालू होती. मशीनवरून हाक मारणं मला शक्यच नव्हतं. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी काम संपवून मशीन बंद केली, मान वर केली आणि दचकले.

"अरे भाभी! कधीच्या उभ्या आहात?"

मी पुठ्ठा काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून उजेडात नेला.

"ये तो उसका हात है," ते म्हणाले. मग चष्मा पुसला. "मला म्हणाला होता. साडेतीनशे बसवायचंय भाई, बायकोसाठी. मी म्हटलं येडा झालास का, एवढं जड इंजिन. ठीक आहे. जुम्म्याला दुकान बंद असतं. नमाज झाली की येतो."

त्या शुक्रवारी ते हत्यारांची पेटी घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. आत डोकावून म्हणाले, "घरात दुसरं कोणी नाही?" मी मान हलवली. "मग आज नको," म्हणाले. "पुढच्या जुम्म्याला घरच्यांना घेऊन येतो." पाणीसुद्धा बाहेर उभं राहूनच प्यायले आणि पेटी उचलून परत गेले. इतक्या लांब आलेला माणूस तसाच गेला याचं मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, कारण समोरच्या घराच्या खिडकीत शेजारीण उभी होती.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्या मागे स्कूटरवर त्यांची बायको होती. मी त्यांना आपा म्हणते. आपा उतरल्या त्या बोलतच उतरल्या. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या, कारण रिकाम्या हाताने बसणं त्यांना जमत नाही. माझ्या क्रेटवर त्या बसल्या, मी खाली गोणपाटावर, आणि मेथी निवडता निवडता त्यांनी मला त्यांच्या तिन्ही सुनांचे स्वभाव सांगून टाकले.

"अगं, तू बोलत का नाहीस? मी एकटी बोलून बोलून थकले."

भाई वाकून चेसी मोजत होते, ते तिथूनच म्हणाले, "खोटं आहे भाभी. आजपर्यंत थकलेली मी बघितली नाही."

"तुम्ही लोखंडाकडे बघा! एवढी वर्षं दुनियेचं लोखंड जोडतायत आणि माझ्या न्हाणीघराची कडी अजून दोरीने बांधलेली आहे. विचार त्यांना."

मी हसले. हसायचा आवाज कसा आला ते मलाच चमत्कारिक वाटलं.

मग आठवडा शुक्रवारपासून शुक्रवारपर्यंत व्हायला लागला. भाई पुठ्ठ्यावरून पट्टी कापून आणायचे, बोल्ट आणि बूश, म्हणजे बोल्टाभोवतीच्या लोखंडी नळ्या, कातून आणायचे आणि इथे लावून बघायचे. पार्ट मी धुऊन ठेवायचे. एकदा समोरची शेजारीण दारात येऊन उभी राहिली. पदर सावरत आत नजर फिरवली.

"गॅरेज परत चालू केलं वाटतं? गिऱ्हाईक काही रोज दिसत नाय. शुक्रवारचंच दिसतंय."

मी धुतलेला पार्ट पुन्हा धुवायला घेतला. आपांनी मेथीचा देठ मोडला आणि म्हणाल्या, "हां बहन, ते गिऱ्हाईक मीच. या ना, बसा. चहा टाकलाय हिने."

शेजारीण बसली नाही. पण त्यानंतर खिडकीतही उभी राहिली नाही.

इंजिन चढवायच्या दिवशी शेडच्या पाइपावरून दोर टाकला. भाई इंजिन वळवत होते, आपा आणि मी दोर ओढत होतो, आणि आपा ओढता ओढता सांगत होत्या की त्यांच्या कमरेचं काही झालं तर जबाबदार कोण. बोल्ट आत सरकले. मग भाई थांबले. खाली बसून बघितलं, वरून बघितलं. इंजिनाचं तोंड वर झालं होतं, आणि डोकं, म्हणजे सगळ्यात वरचा भाग, पेट्रोल टाकीखालच्या मोठ्या नळीला टेकत होतं. दोन बोटं कमी पडत होती.

"मोठं इंजिन आहे, व्हायचंच," भाई म्हणाले. त्यांनी खडूने नळीवर दोन खुणा केल्या. "इथून इथपर्यंत कापतो आणि वर उचलून जोडतो. पुढच्या जुम्म्याला ग्राइंडर आणतो."

"मजबूत राहील ना?" आपांनी विचारलं.

भाईंनी खडू खिशात ठेवला. "जोड तो जोडच असतो," एवढंच म्हणाले.

तो आठवडा मला वाईट गेला. ती नळी म्हणजे गाडीचा कणा. तो कापून जोडलेला, आणि वर साडेतीनशेचं जड इंजिन. बिघडली तर चेसीही जाईल आणि शुक्रवारही जातील, असं सारखं मनात यायचं. रोज मी शेडमध्ये जाऊन त्या खडूच्या खुणा बघायचे. गुरुवारी भाईंनी परत आणून दिलेला पुठ्ठा पुन्हा खिळ्याला लावायला घेतला. आपा नव्हत्या, म्हणून कितीतरी दिवसांनी मी माझ्या क्रेटवर बसले आणि सहज पुठ्ठा समोर धरला. त्याच्यावरच्या पेन्सिलच्या रेघा दिसल्या. आणि मला वाटलं, ह्या मी इथून कधी बघितल्याच नाहीत.

मी इथे बसायचे तेव्हा मला पुठ्ठ्यावर दिसायचा द्राक्षाचा घड. हिरवा, छापील. मालक पलीकडून डोकं आत घालून इंजिनाच्या बाजूने रेघा काढायचे आणि म्हणायचे, "माझं होईस्तोवर तू द्राक्षं खा." म्हणजे घड बाहेर होता आणि रेघा आत. भाईंनी मात्र रेघा बाहेर धरल्या होत्या. त्यांनी पुठ्ठा उलटा धरून पट्टी कापली होती. उलटी झाली की खालची भोकं वर येतात, म्हणून इंजिनाचं तोंड वर झालं होतं. पट्टी नुसती फिरवूनही चालणार नव्हतं, कारण तिच्या एका बाजूला बूश वेल्डिंगने जोडलेले होते.

हे मला कळलं, पण ते सांगायचं कसं? भाईंसारख्या माणसाला, त्यांच्याच कामात. शुक्रवारी ते आले. मी पाणी दिलं, तेव्हा सांगणार होते. चहा दिला, तेव्हा सांगणार होते. आपा सुनेच्या बाळाचं सांगत होत्या, त्यांच्या बोलण्यात जागा सापडेना. भाईंनी ग्राइंडरची वायर बोर्डात लावली, खुणेजवळ वाकले आणि बटण दाबलं. तो आवाज सुरू झाल्यावर मी ओरडले असते तरी कोणाला ऐकू गेलं नसतं, आणि मला ओरडता येत नाही.

मी उठले आणि प्लग उपटला.

एकदम शांत झालं. भाई हातातल्या ग्राइंडरकडे बघत राहिले. आपा म्हणाल्या, "हाय अल्ला, शॉक बसला का हिला?"

मी पुठ्ठा पट्टीजवळ नेऊन धरला, घड बाहेर करून. "द्राक्षं बाहेर," मी म्हटलं. कोणाला काही कळलं नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं, मी कुठे बसायचे, ते कुठून डोकं घालायचे, मला काय दिसायचं. इतकं लांबलचक मी मालकांशीसुद्धा कधी बोलले नसेन. शेवटी शेवटी आवाज गेला, पण सांगून झालं होतं.

भाईंनी पुठ्ठा घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. मग खाली बसून हसायला लागले. "मी रेघा बघून काम करणारा, मी रेघा बाहेरच ठेवणार. सगळी दुनिया ठेवते. हा एकटा उलटा! पहिल्यापासून उलट्या डोक्याचा." हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. आपाही गप्प होत्या. त्या गप्प बसलेल्या मी त्याच वेळी बघितल्या.

बूश कापून दुसऱ्या बाजूला जोडले. इंजिन बसलं. डोकं आणि नळी यांच्या मधून माझं एक बोट आरामात जायला लागलं. खडूच्या खुणा मी ओल्या फडक्याने पुसून टाकल्या.

मग ब्रेकचा प्रश्न आला. त्या चेसीचा ब्रेक उजव्या पायाला आणि इंजिनाचा गिअरही उजव्या पायाला. भाईंनी खालून एक आडवा दांडा टाकून ब्रेकचं पायडल डावीकडे नेलं. आपांनी विचारलं, "पण मग ही चालवणार कोण?"

"मी तर नाही," भाई म्हणाले. "ब्रेक समजून गिअर टाकीन आणि सरळ गोदावरीत जाईन. हिला चालवणारं एकच माणूस आता नाशकात आहे." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

रोज्यांच्या महिन्यात ते आले नाहीत. मी शुक्रवारी चहाचं आधण ठेवायचे आणि उतरवायचे. ईदच्या दुसऱ्या दिवशी आपा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या आणि त्याच दिवशी गाडी चालू करायचं ठरलं. पेट्रोल घातलं. मीटर भाईंनी दिव्यावर बसवलं होतं, तेच जुनं. मी पदर खोचला. दांडी दाबली, किक खाली नेली, काटा मधे आला. दांडी सोडली. पहिल्या किकला काही नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा काटा मधे आला. दुसऱ्या किकला ती चालू झाली.

पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज. मी काय लिहू? भिंतीवरचे पान्हे थरथरायला लागले. समोरची शेजारीण पिठाचे हात घेऊन पळत दारात आली आणि मला बघून तिथेच थांबली. "मला वाटलं..." ती म्हणाली. मलाही तेच वाटलं होतं, एक क्षण.

निघताना भाईंनी हत्यारांची पेटी बांधली. एरवी ते ती शेडमध्येच ठेवून जायचे. "आरटीओतल्या पासिंगचं काम माझा ओळखीचा माणूस करून देईल. ते झालं की थोडी चालवा, जवळपासच. मग गार करून नट कसायचे. तुम्हाला काय सांगायचं, त्याने शिकवलंच असेल." आपांनी माझ्या गालाला हात लावला आणि स्कूटरवर बसल्या. त्या बोलतच गेल्या, कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

कागदांचं झालं. मी गाडी म्हसरूळपर्यंत नेली आणि आणली. सिग्नलला थांबले, पाय टेकले, टाचापण. कोणी पळत आलं नाही, यायची गरज नव्हती. घरी येऊन गाडी लावली आणि इंजिन गार व्हायची वाट बघत क्रेटवर बसले. नट कसले. सगळे पान्हे जागच्या जागी होते. शुक्रवार आला आणि गेला. त्याच्या पुढचा आला. मी मेथीची जुडी आणली होती, ती एकटीने निवडली. इतकी भाजी मला एकटीला दोन दिवस पुरली. माझ्या मनात असलेली गाडी पुरी झाली होती आणि शेडमध्ये पुन्हा कावळ्याचा आवाज ऐकू येत होता.

मग एका शुक्रवारी दुपारी मी हेल्मेट घातलं आणि निघाले. नट सगळे नीट होते, मला माहीत होतं. तरी दुसऱ्यांदा बघून घ्यावेत असं मालक कधी कधी म्हणायचे. पंचवटीतून, पुलावरून, जुन्या नाशकात. गल्ल्या इतक्या अरुंद की आवाज दोन्ही भिंतींवर आदळून परत अंगावर येत होता. पोरं बाजूला झाली, ओट्यावरच्या बायका उठून बघायला लागल्या. मी मान खाली घातली नाही, कारण गाडी चालवताना ती घालता येत नाही.

भाईंच्या घराला कुलूप होतं.

मी तशीच बसून राहिले, इंजिन चालू. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी पापड वाळत घालत होती. तिने हात हलवून काहीतरी विचारलं.

"ते कुठे गेले?" मी म्हटलं.

"काय? मोठ्यानं बोल!"

इंजिनाच्या वरून बोलायचं म्हणजे मोठ्यानेच बोलावं लागलं. "भाई आणि आपा! कुठे गेले?"

"मालेगावला! लग्नाला! संध्याकाळपर्यंत येतील. कोण आलं होतं म्हणून सांगू?"

आजवर असं कोणी विचारलं की मी गॅरेजवाल्या मिस्त्रींची बायको म्हणायचे. ते तोंडात आलं होतं. पण आमच्या शेडमध्ये नट कसायला आलेलं गिऱ्हाईक निरोप ठेवून जात नसे, इंजिन गार होईपर्यंत बसायचं.

"सांगायला नको," मी म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "नट कसायला आले आहे. इंजिन गार व्हायला वेळ लागेल. मी थांबते."

म्हातारीने मान डोलावली आणि पापडाचं ताट सरकवून ओट्यावर जागा केली. मी गाडी बंद केली. तापलेल्या लोखंडाचा टिक टिक असा बारीक आवाज येत होता. मी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि जाऊन बसले.